उंबरे कापलेल्या चौकटी

पारनेरला आमच्या घराला लागून असलेल्या हॉलवर ‘वास्तुकला संग्रहालय’ ही पाटी अजून आहे. संग्रहालय सासऱ्यांचं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर गावोगाव फिरून त्यांनी पाडायला काढलेल्या घरांतल्या कोरीव चौकटी, खांब, तुळया गोळा केल्या. लोक खुशीने देत. सगळ्यांना स्लॅबची घरं हवी होती. शाळांच्या सहली येत. पुढे सहली वॉटरपार्कला जायला लागल्या आणि संग्रहालय बंद पडलं. यंदा हॉल भाड्याने द्यायचं ठरलं, तेव्हा ज्यांच्या वस्तू त्यांना मीच फोन केले: घेऊन जा.

राहुरीकडच्या एक आजी सुनेला घेऊन टेम्पोतून आल्या. नवीन बंगल्याला जुनी चौकट बसवायची होती. त्यांनी ती लगेच ओळखली. कोरलेल्या वेलीवरून त्यांचा हात खाली आला आणि थांबला.

“उंबरा कुठंय?”

चौकटी ओळीने उभ्या केल्या होत्या. सहलीची मुलं त्यांतून जाताना अडखळायची, म्हणून सासऱ्यांनी सगळ्यांचे उंबरे सुताराकडून कापून घेतले. ते आमच्या बंबात गेले.

“वाळवी लागली हो त्याला,” सासरे खुर्चीतून म्हणाले.

आजी सुनेकडे वळल्या. “माझंच चुकलं बघ. रोज पानी वतून पूजायची मी त्याला. सासूबाई म्हनायच्या, पुसून घे गं, लाकूड कुजंल. न्हाई घेतलं.”

हे मला ऐकवेना.

“आजी, वाळवी नव्हती. आम्ही कापले ते. बंबात जाळले.”

सासऱ्यांनी मान खाली घातली. मलाही घालायची होती, पण आजींकडे कुणीतरी बघायला हवं होतं.

“आमी त्याच्यावर पाय पडू देत नव्हतो. तुमी आंघोळी केल्या व्हय?”

“हो.”

“पानी तरी कढत मिळालं का?”

सुनेने हळूच विचारलं, “आत्या, चौकट घालायची ना टेम्पोत?”

“उंबऱ्याबिगर? राहू दे हितंच. चल.”

चहा ठेवला होता, तो तसाच राहिला. टेम्पो रिकामा गेला.

“मी वाळवी म्हटलं होतं ना,” सासरे म्हणाले.

मी उरलेल्या घरांना पुन्हा फोन लावायला घेतले. पहिल्याच बाईंना सांगितलं, चौकट मिळेल, उंबरा नाही.

“का हो, काय झालं त्याचं?”

सासरे समोरच बसले होते. मी सांगितलं.