उतरण्याचा मान

विशाखापट्टणमहून निघताना बायकोने बजावलं, "तिथे हुकूम सोडू नका. दादांची सेवा करायला चाललाय." दादा माझा थोरला भाऊ, निवृत्त शिक्षक. पुण्यात वारज्याला एकटाच राहतो. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि "माणूस ठेवू नकोस, मी येतो," असं मी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

काळा चष्मा लावून दादाने दार उघडलं. "या, अ‍ॅडमिरल. चहा आपला आपण करून घ्यावा." दोन दिवस मी डोळ्यात थेंब घातले, वरणभात केला. वरण चाखून तो म्हणाला, "जहाजावर बंड कसं झालं नाही रे?" मी खूश होतो.

तिसऱ्या दिवशी हडपसरपुढच्या मांजरी गावाला निघालो. तिथल्या सुमनताई दादाच्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी जेवायला बोलावून जीप पाठवली होती. दादा बसेपर्यंत मी बाजूला उभा राहिलो. नौदलाच्या बोटीत कनिष्ठाने आधी चढायचं आणि शेवटी उतरायचं. कॅडेट असताना मी तसाच चढलो-उतरलो. पुढे जहाज हाती आलं, मग ताफा आला, आणि क्रम उलटत गेला. शेवटी चढणारा आणि पहिला उतरणारा मीच. माझी सगळी नोकरी म्हणजे या रांगेतली बढती.

हडपसर मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस लागला. जीप शेतातल्या घरापुढे थांबली. मी उडी मारून उतरलो आणि नमस्कार स्वीकारत सरळ अंगणात गेलो. सुमनताई माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या.

"आवो सायेब, गुरुजी गाडीतच हायेत की!"

मी वळलो. दादा एका पायाने पायरी चाचपत होता. एक हात पुढे केलेला, माझ्यासाठी. त्याचा पाय निसटला. सुमनताई मला वळसा घालून धावल्या आणि त्यांनी त्याला सावरलं. चष्मा खाली पडला. डोळा वाचला.

"नौदलात मागे बघत नसावेत," दादा म्हणाला. कोणी हसलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवायला भाकरी आणि तिच्यासोबत शेवग्याचं पातळ कोरड्यास होतं. चव चांगली असणार. मी भाकरी नुसती कुस्करत बसलो.

"गुरुजी, डोळा सुधरंस्तवर हितंच ऱ्हावा," सुमनताई म्हणाल्या. दादा कधी कुणाकडे मुक्काम करत नाही. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "बरं."

मी थेंबांची बाटली त्यांच्या हातात दिली आणि कधी, किती घालायचे ते समजावू लागलो.

"तिला कळतं," दादा म्हणाला.

जीपने मला एकट्याला वारज्याला सोडलं. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी पकडली. इतकी वर्षं लोक माझा हात धरायला पुढे येत होते. आपणही कुणाला हात द्यायचा असतो, हे मी विसरूनच गेलो होतो.

बायकोने दारातच विचारलं, "इतक्यात आलात?"

"दादा म्हणाला, आता गरज नाही," मी सांगितलं. त्याला बरं वाटतंय असं समजून तिने देवापुढे साखर ठेवली. मी तिला अडवलं नाही.