तळहातावर तपासलेला आवाज

संघर्षच्या घरात पत्रिका बघून लग्न ठरवायची पद्धत आजोबांनीच मोडीत काढली होती. नातवानं मात्र पावणे एमआयडीसीतल्या गाळ्यात बसून पत्रिका जुळवायचाच धंदा मांडला. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली विंडोजसारखीच, पण फुकट मिळते; पण तिचं प्रत्येक लॅपटॉपशी पटतंच असं नाही; कुठे वायफाय रुसतं, कुठे टचपॅड. म्हणून जुना लॅपटॉप घेण्याआधी लोक तो संघर्षला दाखवत. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून, सगळं चाचपून तो ‘घ्या बिनधास्त’ म्हणायचा.

शेजारच्या गाळ्यात पत्रा कापणारी मशिनं दिवसभर धडधडत. तिथे कानांचा उपयोग नव्हता. म्हणून गाणं लावून तो लॅपटॉपवर तळहात ठेवायचा. थरथर लागली की आवाज पास. या विद्येचा त्याला कोण अभिमान!

दिवाळे गावच्या निशिगंधाची नजर आजारपणात गेली होती. जीभ होती तशीच धारदार राहिली होती. महापे इथल्या एका ऑफिसात गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं टाइप करायचं काम तिला मिळत होतं. लॅपटॉप स्वतःचा आणायचा, पहिला दिवस बघून ठेवायचं की नाही ते ठरणार. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम लिनक्समध्ये आयता असतो, म्हणून आईला घेऊन ती संघर्षकडे आली. त्यानं लॅपटॉप निवडला आणि सवयीनं स्क्रीनचं कौतुक सुरू केलं.

“स्क्रीन आईला दाखव, दादा. मला आवाजाचं सांग.”

त्यानं तळहात ठेवला. “एक नंबर.”

ऑफिसात तिनं कानाला हेडफोन लावला, त्यात काहीच येईना. त्या लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकाशी लिनक्सचं जमत नव्हतं, आणि तिथे पिन घालून बघायचं संघर्षला कधी सुचलंच नव्हतं. स्पीकर तेवढा ठणठणीत. गिऱ्हाइकांची नावं, नंबर सगळ्या हॉलला ऐकू जाऊ लागले. लोक कुरकुरले, तेव्हा तिनं आवाज बंद करून अंदाजानं टाइप केलं. एकाचं उत्तर दुसऱ्याला गेलं. जेवणाच्या सुट्टीआधीच तिला घरी पाठवलं.

संघर्षनं त्याच संध्याकाळी यूएसबीचा हेडफोन आणून लावला. तो लगेच चालला. सकाळी तिला घेऊन तो ऑफिसवर गेला. तिला वॉचमनच्या बाकावर बसवून आत साहेबांना सांगितलं, चूक माझी, तिची नाही, आता सगळं चालतंय. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जागा भरली म्हणाले.

निघताना खांबाजवळचं टेबल त्याला दिसलं. निशिगंधानं आपली जागा म्हणून सांगितलं होतं तेच. तिथे कुणीच बसलेलं नव्हतं; खुर्ची आत सरकवलेली, वर कुणाचं तरी हेल्मेट ठेवून दिलेलं.

बाहेर तिनं विचारलं, “माझ्या जागेवर कोन बसलंय?”

“एक पोरगा.”

“काम करतोय?”

“हो.”

“मग ठीक हाय,” ती उठत म्हणाली. “रिकामी असती तर जास्त लागलं असतं.”

संघर्ष रिक्षा बघायला रस्त्यावर गेला.