टेम्पोच्या आधी पुली

संध्याकाळी भंगाराचा टेम्पो येणार, हे बायकोनं मला सकाळी चहाबरोबर ऐकवलं. आमची गाडी दारात उभी होती. इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, क्रँकशाफ्टवर असते ती पुली फुटलेली. तिच्यावरून बेल्ट फिरतो, म्हणून पुली नाही तर गाडी नाही. नवी पुली मी आदल्या दिवशीच शाहूपुरीतून आणली होती. टेम्पोच्या आधी ती बसली तरच गाडी राहणार होती. मी बाह्या सरसावल्या. या गाडीनं मला शिरोळच्या महापुरातून पोहत बाहेर काढलंय, पाणी टपावरून जात होतं आणि आत मी कोरडा. तिला भंगाराच्या काट्यावर चढू देणार नव्हतो.

जुना बोल्ट असा जाम, की मी पान्ह्यावर उभा राहून उड्या मारल्या तेव्हा गडमुडशिंगीत लोक भूकंप म्हणून घराबाहेर आले. निघाला. फुटकी पुली उतरली. आता शाफ्टच्या खाचेत एक बारकी पाचर बसवायची, अर्ध्या चंद्रासारखी, नखाएवढी. तिच्यामुळंच पुली शाफ्टबरोबर फिरते. पुलीसोबत आणलेली ती पाचर सामान ठेवलेल्या कट्ट्यावर नव्हती.

आमच्याकडं नवी वस्तू देवासमोर ठेवल्याशिवाय वापरत नाहीत. मिक्सर, सायकल, एकदा तर कमोड. आईनं पुलीला सकाळीच हळदकुंकू लावलेलं. देवघरात डोकावलो, तर पाचर महादेवाच्या डोक्यावर. चंद्रकोरच ती, आईला वाटलं, दुकानदारानं देवासाठी दिली.

"आता देवाची झाली ती," आई म्हणाली. "वाहिलेलं मागं घेत न्हाईत."

दुसरी आणावी तर सोमवार, दुकानं बंद. आणि वार महादेवाचा. मी आईसमोर मांडी घातली. देवाला चांदीची चंद्रकोर घडवतो म्हणालो, ती ढिम्म. काशीपर्यंतची सगळी क्षेत्रं कबूल केली, तरी ढिम्म. शेवटी म्हणालो, "आई, इंजिनात बसली तरी ती त्याचीच. पहिली फेरी त्याच्या देवळाला, आणि पुढच्या सीटवर तू."

तिनं महादेवाकडं बघितलं. मग स्वतःच्या हातानं पाचर उचलून माझ्या तळव्यावर ठेवली.

पाचर खाचेत बसवली, पुलीची खाच तिच्यासमोर धरली आणि हातोड्याला हात न लावता, बोल्ट आवळत आवळत पुली आत ओढून घेतली. शेवटचा जोर लावताना शाफ्ट फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबायला माणूस लागतं. घरात मोकळी होती फक्त बायको.

"दाबते," ती म्हणाली. "पण चालू न्हाय झाली तर टेम्पोत तुमीच ढकलायची."

बोल्ट बसला. बेल्ट चढवला. तेवढ्यात टेम्पो गल्लीत वळला आणि हॉर्न वाजवत आमच्या दारात उभा राहिला. बायकोनं गिअर काढला आणि माझ्याकडं न बघता किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि लागलं.

आई नवी साडी नेसून तिच्या शेजारी येऊन बसली. बायकोनं काच खाली करून टेम्पोवाल्याला सांगितलं, "पावणं, टेम्पो जरा मागं घ्या की. आमाला देवळाला जायाचं हाय."