सोयरिकीचा बुधला

कालोंडू पहिल्यांदा झाडावर चढली, तेव्हा कितुईकडच्या त्या गावात तिला नावं ठेवायचं कुणीच बाकी राहिलं नाही. मधाचं काम पुरुषांचं, बाईनं त्या झाडाच्या सावलीलाही फिरकू नये, अशी तिथली रीत. पण नवरा गेलेला, दिराला उंचीवर घेरी येते. मग मधमाश्यांसाठी गोरखचिंचेवर टांगलेले, घराण्याची खूण कोरलेले ते पोकळ ओंडके काय वाऱ्यावर सोडायचे? तिनं नेसूचा कांगा कमरेला खोचला नि चढली. पुढं तिच्याच मधावर भावकीतल्या सगळ्या सोयरिकी जुळल्या. विकतचा मध तिथं चालत नाही. घरच्या ओंडक्यातला नसेल, तर मुलीकडचे बोलायलाही बसत नाहीत.

यंदा तूर फुलावर आली आणि तिचा दीर मुन्योकी भर सकाळी पाठीवर पंप अडकवून शेतात उतरला. कालोंडू धावतच बांधावर गेली.

“भाऊजी, अहो माश्या फुलांवर आहेत! आदल्या संध्याकाळी सांगायचं तरी, मी ओंडक्यांची तोंडं बांधली असती.”

“अळी काय तुमच्या माश्यांना विचारून येते, वहिनी? आणि दुकानदार म्हणालाय, हे औषध फक्त अळीलाच लागतं.”

औषध म्हणे! विषाला औषध म्हणणाऱ्याची जीभ कशी झडत नाही?

दुपारी गोरखचिंचेखाली माश्यांचा सडा पडला होता. काही उताण्या पडून गरगरत होत्या, पायांना पिवळा पराग तसाच. कालोंडूनं वर चढून एकेका ओंडक्याला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं. खाली उतरून तिनं मेलेल्या माश्या सुपात भरल्या आणि उन्हात वाळत घातल्या. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, पण हात थांबला नाही.

पंधरवड्यानं मुन्योकी दारात हजर, तोंडभर हसत. “वहिनी, पोराची सोयरीक ठरतेय. मधाचा बुधला तेवढा भरून आणा.”

लाज कोळून प्यायलेला माणूस!

“आणते की,” कालोंडू म्हणाली.

सोयरिकीच्या दिवशी मुलीच्या घरी देज म्हणून बकऱ्या आल्या, मंडळी बसली. मुलीचा आजोबा म्वांझिया यानं रिवाजाप्रमाणे बुधल्याचं चामड्याचं झाकण काढून बोट घातलं. बोटाला मध लागला नाही. वाळक्या माश्या चिकटल्या.

“ही काय थट्टा, बाई?”

“थट्टा कसली, बाबा? भाऊजींनी फुलावर फवारलं. यंदाचं पीक एवढंच निघालं.”

“अवदसा!” मुन्योकी ओरडला. “माझ्या पोराच्या कार्यात—”

“खरं की खोटं, तेवढं बोल,” म्हाताऱ्यानं विचारलं.

मुन्योकीची मान खाली गेली.

“मग बकऱ्या घेऊन जा. ओंडक्यात माश्या आल्या की बघू.”

पुढल्या वर्षी तूर पुन्हा फुलावर आली. एका संध्याकाळी मुन्योकी कालोंडूच्या अंगणात येऊन टोपी काढून उभा राहिला.

“वहिनी, उद्या फवारायचंय. ओंडक्यांची तोंडं बांधून घेता?”

कालोंडूनं झाडाकडे बोट दाखवलं. “रिकाम्या ओंडक्यांची?”