मागे न जाणारी गाडी

बाबासोचा छापखाना शिवाजी पेठेतल्या एका बोळात होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, तालमीच्या फुटबॉल सामन्यांची हँडबिलं अशी कामं तो करायचा. माणूस इतका मऊ, की पत्रिकेत मामाचं नाव चुकलं आणि चूक गिऱ्हाइकाचीच असली, तरी हा आपल्या पदरच्या कागदावर पुन्हा छापून देई. असा माणूस २००४ साली अख्ख्या पेठेत माजोरडा म्हणून गाजला, आणि तोही एका गाडीपायी.

गाडी मिळवून दिली हंबीररावने. हा तालमीतला जुना दोस्त, जुन्या गाड्यांची दलाली करायचा.

"पुण्याच्या डॉक्टरची हाय. सोता हातानं पुसायचा बघ. डोळं झाकून घे."

गाडी जीपसारखी उंच, पण आखूड, बोळात मावणारी. बहीण आजऱ्याला दिलेली; तिकडच्या खड्ड्यांना हीच गाडी पुरी पडेल, असं बाबासोने बायकोला पटवलं. शालूबाई एवढंच म्हणाली, "दुसऱ्याचं दुखणं इकत घ्यालाय. बघा बाई." तरी त्याने बोळात घरटी पेढे वाटले. कुणीतरी म्हणालं, "नवीच हाय की!" बाबासो नुसता हसला. नाही म्हणायला हवं होतं, हे त्याला पेढ्यांचा पुडा रिकामा झाल्यावर सुचलं.

दुखणं महिन्याभरात वर आलं. आजऱ्याच्या वाटेवर रेडिएटर उकळला. मग वळताना पुढचा एक्सल कटकट वाजू लागला. टायर बदलायला गेला, तर त्या मापाचे टायर गावात एकाच दुकानात, आणि दुकानदार म्हणेल तो भाव. दर वेळी तो शालूबाईला निम्माच खर्च सांगे आणि वर म्हणे, "आता हिला काय लागत न्हाय." हे वाक्य इतक्यांदा म्हणून झालं, की पुढचा बिघाड सांगायला त्याला तोंडच उरलं नाही.

आणि नेमका तेव्हा रिव्हर्स गिअर गेला.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीने हात पुसत सांगितलं, "आत दात मोडल्यात. गिअरबॉक्स उतरवाय लागतोय. मॉडेल बंद झालंय, पार्ट मुंबईस्नं हुडकून आणाय पायजे. गाडी ठेवून जावा." खर्चाचा अंदाज ऐकून बाबासो म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू," आणि त्याने गाडी सरळ पुढे काढली. पुढे जायला काही अडचण नव्हतीच.

मग तो मागे न जाता जगायला शिकला. घरासमोर लावायचं सोडून तालमीमागच्या उतारावर गाडी लावू लागला. तिथे न्यूट्रल करून ब्रेक सोडला, की ती आपोआप मागे येई. लोकांना वाटे, गाडीवर धूळ बसू नये म्हणून लांब लावतो.

पण बोळात समोरून कुणी आलं, की पंचाईत. बोळाचा रिवाज साधा होता. ज्याच्या मागे मोकळी जागा जवळ, त्याने मागे सरायचं. बाबासो सरत नसे. काच वर करून समोर बघत राही. शेवटी समोरचाच शिव्या घालत मागे जाई. लाजेने बाबासोचा चेहरा ताठ होई, आणि काचेबाहेरून ती गुर्मी दिसे.

"चार चाकं आली आन मान वाकंना झाली," हंबीरराव बोळातल्या कट्ट्यावर म्हणाला. गाडी त्यानेच दिली होती, हे तो सोयीने विसरला.

मे महिन्यातल्या एका दुपारी बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून आकारामची रिक्षा समोर आली. आत अंबूबाई. न्हाणीत घसरून तिचा पाय मोडला होता. प्लास्टर घालून ती घरी येत होती. बाबासोची आई तो लहान असताना गेली, तेव्हापासून शेजारच्या अंबूबाईच्याच चुलीवरची भाकरी खाऊन तो वाढला होता.

बोळाचं अलीकडचं तोंड बाबासोच्या मागे, तीन घरांवर. मागे सरायचं ते त्यानेच.

"ओ मालक, घ्या की मागं! पेशंट हाय," आकाराम ओरडला.

उतरून सांगावं, गाडी मागे जात नाही. एवढंच तर वाक्य. पण कट्ट्यावर हंबीरराव आणि मंडळी बसलेली. घराच्या वरच्या खिडकीत शालूबाई. बाबासोने दाराच्या खटक्याला हात घातला, पुन्हा काढला, आणि काय करावं न कळून त्याच्या हातून हॉर्न दाबला गेला.

"हॉर्न मारतोय बघा!" कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं.

अंबूबाई रिक्षातून म्हणाली, "ऱ्हाऊ दे आकाराम. आलंच की घर."

एक हात आकारामच्या खांद्यावर, दुसरा भिंतीला, अशी ती उन्हातून निघाली. गाडीच्या इतक्या जवळून गेली, की पदर आरशाला घासला. बाबासो वेगाच्या तबकडीकडे बघत होता. काटा शून्यावर होता.

तालमीची हँडबिलं दुसऱ्या छापखान्यात गेली. शालूबाईने विचारलं, "अंबूमावशीला चालवलंसा?" तो म्हणाला, "घाईत होतो." अंबूबाईच्या घरासमोरून जायचं टाळण्यासाठी तो लांबच्या वाटेने जाऊ लागला.

प्लास्टर काढायच्या दिवशी आकाराम छापखान्याच्या दारात उभा राहिला. तोंड कडू. "अंबूबाईनं गाडी घेऊन बलीवलंय. मी न्हेतो म्हटलं, तर म्हणती, बाबासोनं गाडी घेतली आन मी अजून बसलीच न्हाय."

ती पुढच्या सीटवर बसली. काचेवर हात फिरवून म्हणाली, "लई उंच हाय रं." त्या दुपारबद्दल चकार शब्द नाही. जातानाही नाही, येतानाही नाही. बाबासोला वाटलं, हिने एक शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

परत येताना बोळात गॅसच्या सिलिंडरचा टेम्पो समोर आला. त्याच्या मागे सगळा बोळ. गाडीच्या मागे मोकळा रस्ता. कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहिली. आता गंमत होती.

"घे की मागं," अंबूबाई म्हणाली. "भरल्याला टेम्पो हाय."

बाबासोने काच वर करायला हात नेला. मग तो हात मांडीवर ठेवला.

"मावशी, ही मागं जात न्हाय. गिअर मोडलाय."

"कवापास्नं?"

"लई दिस झालं."

अंबूबाईने आपल्या बारीक झालेल्या पायाकडे पाहिलं. "म्हंजे त्या दिशीबी?"

"व्हय."

ती पुरती त्याच्याकडे वळली. "मग सांगायचं न्हाईस व्हय रं? मी ह्या सगळ्यास्नी रोज म्हणतीया, माझं पोरगं तसलं न्हाय, कायतरी असंल. आन ते कायतरी ह्ये व्हय?"

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ए हंबीर! बघतुस काय? तूच दिल्यास न्हवं ही गाडी? हिला मागं जाता येत न्हाय. ये, ढकल!"

बोळ खो खो हसला. हंबीररावला सगळ्यात पुढे हात लावावा लागला. "आन आमी म्हणतोय, माज आलाय गड्याला!" बाबासो स्टिअरिंग धरून बसला होता. कानाच्या पाळ्या जळत होत्या. वरच्या खिडकीत शालूबाई दिसली. ती हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडी उद्यमनगरात गेली. सगळा खर्च त्याने शालूबाईला सांगितला, आधीचाही. ती म्हणाली, "एक्सलचं मला ठावं हुतं."

गाडी दुरुस्त होऊन आली, तेव्हा तो रस्त्यापासून अंबूबाईच्या दारापर्यंत मुद्दाम रिव्हर्समध्ये आला. ती उंबऱ्यावर बसली होती. "म्होरनंच ये रं बाबा," म्हणाली, "मान आवघडंल."

पुढे ती थोडी लंगडतच राहिली. डॉक्टर म्हणाले, वय झालं. ती स्वतःही तेच म्हणे. त्या दुपारच्या चालण्याने तर नाही ना, हे बाबासो तिला कधी विचारत नसे. बोळात शिरताना मात्र, भर मे महिन्यात एसीची गार हवा चालू असली, तरी तो गाडीची काच खाली घेई.