पदराआडचे तीन पत्ते

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आमच्या खानदेशात दोन गोष्टींवर कुणी रागवत नाही. सासरहून आलेल्या पोरींनी कितीही उंच झोके घ्यावेत आणि पुरुषांनी भरदुपारी पत्ते कुटावेत. मी लहानपणापासून पुरुषांच्या गोटात. झोक्यावर मला मळमळायचं.

पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावी, घरच्या ओसरीवर तीन पत्ती चिंचोक्यांवर चालायची. सात जण, प्रत्येकाला चाळीस चिंचोके. संपले की उठायचं. शेवटी जो उरेल त्याने एक मागणं मागायचं आणि घराने ते मोडायचं नाही. मी खेळायला लागण्याआधी एका वर्षी काकांनी महिनाभर कारल्याची भाजी बंद करायला लावली होती, आणि आईने ती केलीही होती.

मला हा खेळ शिकवला नानांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी. आत्या दर आखाजीला अमळनेरहून माहेरी यायची आणि तिला न्यायचं निमित्त करून नाना पत्ते खेळायला यायचे. दर वर्षी शेवटी आम्ही दोघंच उरायचो आणि दर वर्षी मी हरायचे. सात जणांत मी फार शहाणी. वाईट पत्ते टाकायचे, जोडी आली की खेळायचं. पण प्रत्येक डावाआधी एक चिंचोका मध्ये टाकावाच लागतो. दोघंच उरल्यावर मी जोडीची वाट बघत बसायचे आणि तेवढ्यात नाना माझा एकेक चिंचोका उचलून न्यायचे. क्वचित मला चांगले पत्ते आलेच, तर नाना पहिल्याच चालीला पत्ते टाकून गालात हसायचे. त्यांना कसं कळायचं, देव जाणे.

मग आत्याच्याच मुलाशी माझं लग्न झालं आणि नाना माझे सासरे झाले. आता त्यांच्यासमोर तोंडावर पदर ओढायचा. त्या पदरातून अंदाजाने वाढताना वरण एकदा थेट दिरांच्या मांडीवर गेलं. पण खरं दुःख वेगळं होतं. नाना माझ्याशी बोलेनासे झाले. मी समोर उभी असले तरी ते आत्याला म्हणायचे, "सूनले सांग, पानी आन." ज्या माणसाने मला एक्का ओळखायला शिकवला, तो आता मला नावानेही हाक मारत नव्हता. मला त्याचं फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा. मी मनाशी ठरवलं, या आखाजीला जिंकायचं आणि नानांना परत मिळवायचं.

त्यासाठी दोघांचा खेळ शिकायला हवा होता. सराव कुणाबरोबर करणार? नवऱ्याबरोबर. दुपारी जेवणं झाली की आम्ही खोलीचं दार लावून घ्यायचो. आत्या शेजारणींना हसत सांगायची, पोरांचं छान जमलंय. आत आम्ही मांडी घालून चिंचोके मोजत असायचो. नवरा रोज हरायचा, पण त्याच्या हरण्यातून मला एक कळलं. सात जणांत जे पत्ते फेकून द्यावेत, तेच दोघांत पुष्कळ असतात. नुसती राणी असली तरी खेळावं. आणि आपल्याकडे काय आहे यापेक्षा समोरच्याला काय वाटतंय, हे बघावं.

त्या वर्षी गावात पहिला रंगीत टीव्ही आला होता, तरी आखाजीच्या दुपारी आमची ओसरी भरलीच. मी येऊन बसले तेव्हा आई स्वयंपाकघरातून डोळे वटारत होती. पण पोर माहेरी आलेली, तिला आज नाही कसं म्हणणार? आणि सासरा समोर बसलेला, म्हणून तोंडावर पदर. असं ते ध्यान पत्ते हातात घेऊन बसलं.

रस-मांडे पोटात जड झालेले. एकेक जण उठत गेला. उरलो नाना आणि मी.

या वेळी मी वाट बघितली नाही. जवळजवळ प्रत्येक डाव खेळले, चाल वाढवली, मध्ये पडलेले चिंचोके ओढून घेतले. नाना मान वाकडी करून पदराखाली बघायला लागले. शेवटी भिंतीकडे बघत म्हणाले, "तोंडच दिखत नही, खेळानं कसं?"

एका डावात मी मोठी चाल केली. नाना खूप वेळ विचार करत राहिले आणि गुलामांची जोडी खाली टाकून मोकळे झाले. मी माझे पत्ते सुलटे केले. नव्वी, पंजी, दुर्री. गरज नव्हती, पण राहवलं नाही. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. नाना चिडले आणि पुढच्या डावात उरलेले सगळे चिंचोके त्यांनी पत्ते न बघताच लोटले. माझ्याकडे छक्क्यांची जोडी होती. त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

"तिले इचारा, काय जोयजे," नाना म्हणाले.

सगळ्यांना वाटलं, साडी मागेल, नाहीतर माहेरी आणखी आठ दिवस. मी म्हटलं, "नानांसमोर मी पदर घेणार नाही. आणि नानांनी माझ्याशी बोलायचं."

आईने कपाळावर हात मारला. वडील चिंचोके गोळा करायला लागले. मी पदर मागे सारला. नानांनी एका वर्षाने माझं तोंड पाहिलं, लगेच नजर वळवली आणि चपला घालून बाहेर गेले. मी जिंकून बसले होते आणि मला रडू येत होतं. पण संध्याकाळी निघताना ते दारातून म्हणाले, "चाल पोरी, गाडी चुकी जाई."

पुढच्या आखाजीला शेवटी पुन्हा आम्हीच दोघं. नानांनी मला दहा डावांत पार धुऊन काढलं. मला चांगले पत्ते आले की ते आपले टाकून द्यायचे, मला वाईट आले की चाल वाढवायचे.

"तुमाले कसं कळस?" मी विचारलं.

"जोडी उनी का तुनं नाक हालस. लहानपनपाईन हालस."

आता मागणं त्यांचं होतं. मी पदराचं टोक हातात घेऊनच बसले होते.

"दोन कप चहा आन," नाना म्हणाले. "नि आठेच बसीसन पे."

आमच्याकडे सुना चहा चुलीपाशी पितात. मी दोन कप आणले, त्यांच्यासमोर बसले, आणि नाक हललेलं त्यांना दिसू नये म्हणून कप बराच वेळ तोंडाशी धरून ठेवला.