आबांनी घेतलेली सुई

समोरच्या डॉक्टरांचं शास्त्र सोपं होतं. सर्दी असो, गुडघा असो, नाहीतर सुनेशी भांडून दुखणारं डोकं असो. आधी कमरेत सुई आणि मग कागदाच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या. पेशंट लंगडत बाहेर पडायचा, आणि लंगडतोय म्हणजे गुण येणार अशी गावाची खात्री असायची.

नेमका त्यांच्यासमोर मी दवाखाना थाटला. शहाणपणच म्हणायचं. 'सुईची गरज नाही' असं सांगून नुसत्या गोळ्या लिहून दिल्या की म्हाताऱ्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायच्या. एकीनं विचारलंच, "सुई टोचायला शिकिवलं न्हाई का तुला, माय?" मी तिला विषाणू वगैरे समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि उठून समोर गेली.

दिवाळीपर्यंत बघायचं, नाही चाललं तर जालन्यात नोकरी धरायची, असं मी घरी सांगून टाकलं. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ते जिवाला लागलं. लेक गावात राहावी म्हणून त्यांनी दवाखान्याच्या भिंती स्वतः रंगवल्या होत्या. रस्त्यानं जाणाऱ्या धडधाकट माणसालाही ते "बीपी तपासून जा" म्हणत अडवायचे.

बाजाराच्या दिवशी आबा कुठं दिसेनात. दुपारी बघते तर समोरच्या दवाखान्यातून लंगडत बाहेर येताहेत.

"आबा, तुम्ही तिकडं कशाला गेल्ता?"

"तुझा प्रचार कराया. बाकड्यावर बसून लोकायला सांगून राह्यलो, सुईबिगर बी माणूस बिलकुल बरा व्हतो. तेवढ्यात कंपाउंडरनं माझाच नंबर पुकारला."

"मंग उठून यायचं."

"आन काय सांगू, तुमचे पेशंट फोडाया आल्तो म्हणून? ताप हाय म्हणलो."

ताप नव्हताच. सुई मात्र मिळाली होती.

रागानं मला रडूच यायचं बाकी होतं. बाजार उठायच्या आत गावभर झालं की डॉक्टरीणबाईचा बापसुद्धा समोर जातो. दुसऱ्या दिवशी माझ्या बाकड्यावर फक्त एक मांजर होतं. संध्याकाळी मी जालन्याला फोन लावायला घेतला.

आबांचा गावात दरारा. भावकीतल्या भांडणांचा निवाडा तेच करायचे. त्यांची थट्टा करायची कुणाची टाप नव्हती. त्याच आबांनी त्या संध्याकाळी शेजारच्या पारावर सगळ्यांदेखत आपण सुई कशी घेतली ते सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, कारण बसता येत नव्हतं. तोंडाला कोरड कशी पडली, पायजम्याच्या नाडीला ऐनवेळी गाठ कशी बसली, काही म्हणता काही राखून ठेवलं नाही. अख्खा पार हसून लोळला. मी दवाखान्याच्या दारात उभी राहून ऐकत होते. आधी लाज वाटली, मग त्यांची इतकी माया आली की फोन तसाच ठेवून दिला.

सकाळी कुलूप काढते तोच एक काकू तोंडाला पदर लावून हसत आल्या. काय होतंय, हे मी विचारायच्या आधीच म्हणाल्या,

"सुई नको मला, बाई. तुझ्या बापानं घेतली तेवढी बास. गोळ्या लिहून दे."